लॅपटॉपच्या पोटातला नंबर

सुजाताचं ऑपरेशन नीट झालं, असं डॉक्टरांनी आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं. हृदयाची झडप बदलली होती, आता फक्त अतिदक्षता विभागातून वॉर्डात हलवायचं होतं. ‘हलवलं की फोन करते,’ असं तिच्या आई म्हणाल्या, म्हणून मी मिरजेहून कोल्हापूरला परत आले आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडून बसले. मोबाइल समोर टेबलावर ठेवला होता. दुपार झाली तरी तो वाजेना. वाजत नाही म्हणून जीव खालीवर होत होता आणि वाजला तर काय ऐकावं लागेल, या विचारानंही होत होता. डबा उघडला आणि तसाच झाकून ठेवला... शेवटी तो वाजला. “वैशाली,” आईंचा आवाज अगदी सपाट होता. “बाळ, दुकान बंद कर आणि शिरोळला ये. मिरजेला येऊ नको आता.” एवढंच बोलल्या. मिरजेला येऊ नको म्हटल्यावर विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सुजाता कांबळे जाऊन महिना उलटून गेला. शाहूपुरीतल्या आमच्या लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानाची ती अर्धी मालकीण, आणि दुकानाच्या कितीतरी आधीपासूनची माझी मैत्रीण. भेटायला येणारे म्हणतात, हुशार होती, प्रेमळ होती. होतीच. पण मला तिच्याविषयी विचार करताना सारखा एकच काळ आठवतो. त्या काळात आम्ही दोघींनी पोटभर जेवण म्हणून केलं नाही. तो काळ सांगितल्याशिवाय सुजाता कशी होती, हे सांगता येणार नाही.

आमची ओळख मात्र त्याच्याही पुष्कळ आधीची, नव्वद सालानंतरची. पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी कागल तालुक्यातल्या शेतकरी घरातली, ती शिरोळची. तिचे वडील प्राथमिक शिक्षक होते; ती दहावीला असताना ते गेले आणि आईनं अंगणवाडीच्या नोकरीवर घर चालवलं. लहानपणी सांधे सुजून ताप येण्याचं दुखणं तिला झालं होतं, त्यात हृदयाची झडप खराब झाली. पहिल्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत जाताना ती जिन्यात मध्येच थांबायची आणि भिंतीवरची सूचना वाचत असल्यासारखं करायची. सूचना जुन्याच असायच्या. मला हे कळायला पुष्कळ दिवस लागले. मुळात ती काळजी करणारीच. पावसाळा लागला की संध्याकाळी एसटीडी बूथवर जाऊन शेजाऱ्यांच्या घरी फोन लावायची आणि आईला बोलावून घेऊन पहिलं विचारायची, “पाणी कुठंपर्यंत आलंय?” कृष्णेचं पाणी गावात शिरलेलं तिनं लहानपणी पाहिलं होतं. आई म्हणायच्या, “अजून नदीकाठच्या मळीत न्हाय आलं, तू जेव.” तरी ती जेवायची नाही, दुसऱ्या दिवशी परत फोन करेपर्यंत.

डिप्लोमा झाल्यावर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात आम्ही पॅनेल जोडायचं काम केलं. मग नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा दोघींनी मिळून शाहूपुरीत एक गाळा भाड्यानं घेतला आणि कॉम्प्युटर दुरुस्ती सुरू केली. सुरुवातीला लोक आत येऊन विचारायचे, “मालक कुठं गेल्यात?” सुजाता म्हणायची, “बसा की पावणं, मालकच बोलतोय.” (कोल्हापूरच्या आम्ही बायका ‘बोलतोय’च म्हणतो, बाहेरच्यांना ते नवल वाटतं.) हळूहळू मालक कुठे हे विचारणं बंद झालं. टेबलावरची मोठी धूड यंत्रं गेली, लॅपटॉप यायला लागले, आणि त्यात सुजाताचा हात असा बसला की सांगलीहून, बेळगावहून लोक यंत्रं घेऊन यायचे.

इथं यंत्राविषयी थोडं सांगायला हवं. लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर नखाएवढी एक चिप असते. बटण दाबलं की सगळ्यात आधी ती जागी होते आणि मग बाकी सगळ्यांना उठवते. ती बिघडली तर पुढं काहीच होत नाही, नुसता काळा पडदा. सुरू कसं व्हायचं ते तिच्यात लिहिलेलं असतंच, पण तिच्याच एका कोपऱ्यात कारखान्यातून आणखी काही भरून दिलेलं असतं: मॉडेल कोणतं, आत काय काय बसवलंय, बोर्डाचा नंबर काय, आणि त्या एका यंत्राचा स्वतःचा सिरियल नंबर. हार्ड डिस्क बदला, सगळं पुसून नव्यानं भरा, हे लिखाण जागचं हलत नाही. खालच्या बाजूला स्टिकरवर तोच नंबर छापलेला असतो, पण मांडीच्या घामानं आणि उष्णतेनं स्टिकर पुसून जातो. आता ही चिपच बिघडली तर आमच्याकडं उपाय एक असायचा. त्याच मॉडेलच्या चांगल्या लॅपटॉपच्या चिपची नक्कल काढायची आणि आजारी चिपवर उतरवायची. यंत्र उठतं, पण नकलेबरोबर दुसऱ्या लॅपटॉपचा नंबरही येऊन बसतो. म्हणून शेवटी स्टिकर बघून, एक लहानसा प्रोग्रॅम चालवून, ज्याचा त्याचा नंबर परत लिहावा लागतो. तो नाही लिहिला तरी लॅपटॉप झकास चालतो, गिऱ्हाइकाला कळतही नाही. त्यामुळं पुष्कळ ठिकाणी हे शेवटचं काम कुणी करत नसे. सुजाता करायची.

मुरगूडच्या दत्ता चौगुलेचा लॅपटॉप आला तेव्हा मात्र स्टिकर पार पांढरा झालेला होता. दत्ता लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. पुण्यातल्या कुणाकडून जुना लॅपटॉप घेतलेला, पावती नव्हती. त्याच्यावर तो कॅसेटवरची लग्नं उतरवून घ्यायचा, गाणी जोडायचा. चिप गेली होती. त्याच वेळी एका कॉलेजचे लॅपटॉप देखभालीसाठी आमच्याकडं आलेले होते, त्यात नेमकं तेच मॉडेल होतं. सुजातानं त्याची नक्कल काढली, दत्ताच्या चिपवर उतरवली, यंत्र उठलं. “ठेवून जावा,” ती म्हणाली. “तुमचा नंबर कंपनीकडनं शोधून घालायला लागणार.” दत्ता उभ्या उभ्याच होता. लग्नसराई ऐन भरात होती आणि नवऱ्या मुलांचे बाप त्याच्या दारात बसलेले. “चालतोय न्हवं? मग द्या की ताई. नंबर घेऊन काय पुजायचाय?” ती नको नको म्हणत होती, पण शेवटी दिला. “लग्नं आटपली की आणून द्या,” असं दोनदा सांगितलं. लग्नं आटपली, दत्ता काही आला नाही. कामाच्या रेट्यात ते मागं पडलं.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी डोक्यावर पदर घेतलेल्या एक बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. धापा टाकत होत्या.

“लॅपटॉपवाल्या बाई तुमीच काय?”

“व्हय, या की आत,” सुजाता म्हणाली.

“आत न्हाय येत. मी दत्ता चौगुलेची थोरली बहीण. आमच्या दत्ताला काल पोलिसांनी उचलून आणलंय हितं कोल्हापुरात. त्यो लॅपटॉप चोरीचा हाय म्हणत्यात. तुमच्याकडंच दुरुस्त केलता न्हवं त्यानं? मग सांगा, चोरीचा हाय व्हय त्यो?”

त्यांना बसवून, पाणी देऊन हळूहळू सगळं कळलं. दत्ताच्या लॅपटॉपचा पडदा फुटला होता, म्हणून त्यानं तो पुण्याला कंपनीच्या केंद्रात पाठवला. स्टिकर पुसलेला, त्यामुळं तिथल्या माणसानं पडद्यावर उमटलेला नंबर घेतला. तो नंबर चोरीच्या यादीत निघाला. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतून लॅपटॉप गेला होता आणि कॉलेजनं बिलावरचा नंबर पोलिसांना आणि कंपनीला कळवून ठेवला होता. ते कॉलेज म्हणजे आमचंच गिऱ्हाईक.

अक्का बोलत असतानाच सुजाताचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला. ती उठली, दुकानाच्या कॉम्प्युटरवर बसली आणि त्या मॉडेलची साठवून ठेवलेली नक्कल उघडली. असली फाइल उघडली की पडद्यावर नुसती गिचमीड दिसते, कशाचा कशाला मेळ नाही. ती खाली खाली सरकवत गेली. मग त्या गिचमिडीत मधेच स्पष्ट अक्षरं आली: मॉडेलचं नाव, आणि त्याखाली नंबर. तिनं तो आमच्याकडच्या कॉलेजच्या यंत्रांच्या कागदांशी ताडून पाहिला. त्यांच्याच एका लॅपटॉपचा होता. तिनं डावा हात छातीवर ठेवला आणि तसाच राहू दिला.

“दत्तानं चोरी न्हाय केली अक्का,” ती म्हणाली. “ही चूक माझी हाय.”

मी तिला आत, मागच्या बाजूला घेऊन गेले. आधी वकिलाला विचारू, म्हणाले. आपण जाऊन सांगितलं तर पोलीस काय समजतील, लॅपटॉपचे नंबर बदलणारं दुकान म्हणून आपलंच नाव होईल, हे मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं. ती म्हणाली, “वैशाली, तुझी चूक झाली तर लोक म्हणणार वैशाली चुकली. माझी चूक माझ्या एकटीची ऱ्हात न्हाय. ‘ह्यांच्यातल्यांना दुकान दिलं की असंच’ म्हणणारे हायतच की.” मला वाटलं आता ती बसेल, विचार करेल. “म्हणून तर आजच जायला पायजे. उद्या आपणहून गेलो असं ऱ्हाणार न्हाय.” इतकी वर्षं आम्ही एका टेबलावर काम करत होतो, आणि हे ओझं ती रोज बरोबर घेऊन येत होती, हे मला त्या दिवशी कळलं.

पोलीस ठाण्यात दत्ता एका बाकावर बसलेला होता. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला. आम्हाला बघून त्यानं मान फिरवली. इन्स्पेक्टर साहेब वयानं मोठे होते, आवाज चढवणारे नव्हते, आणि त्यामुळंच जास्त भीती वाटत होती. सुजातानं सगळं सांगितलं, चिप, नक्कल, राहून गेलेला नंबर. त्यांनी पुरतं ऐकून घेतलं.

“म्हणजे तुम्हाला नंबर बदलता येतो.”

“लिहिता येतो साहेब.”

“एकच की. आता बघा मॅडम, एक तर ह्यानं चोरलाय आणि तुम्ही गिऱ्हाईक म्हणून त्याला वाचवताय. नाहीतर तुम्ही दोघं मिळून आहात. कॉलेजचे लॅपटॉप तुमच्याकडंच येत होते, हे तर तुम्हीच सांगितलं. ह्या दोन्हीतलं काही नसेल तर तिसरं काय ते दाखवा मला.”

खोलीत पंखा फिरत होता. सुजाताच्या कपाळावर घाम आला होता, मानेची शीर उडताना मला दिसत होती. ती म्हणाली, “आतल्या बोर्डावर कारखान्याची पट्टी असते. त्याच्यावर बोर्डाचा नंबर छापलेला असतो. चिपमध्ये मी जे उतरवलं त्याच्यात कॉलेजच्या बोर्डाचा नंबर हाय. हा लॅपटॉप कॉलेजचा असला तर पट्टीवर बी तोच निघंल. ह्यांचा असला तर वेगळा निघंल.”

“पट्टी म्हणजे स्टिकरच ना? स्टिकर बदलता येतो.”

सुजाता नाही म्हणाली असती तर कुणाला कळणार होतं? “येतो,” ती म्हणाली. “पण कुठला नंबर खरा हाय ते मला मनानं ठरवता येत न्हाय. कुठला बोर्ड कुठल्या लॅपटॉपमध्ये बसवला आणि त्यो कुठं धाडला, ते कंपनीकडं असतंय. तुम्ही विचारा साहेब, मी मधी येत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पंचांसमोर लॅपटॉप उघडायचं ठरलं. उघडणार कोण, तर सुजाताच. तिच्या हाताकडं मात्र सगळ्यांचं लक्ष. साहेबांच्या टेबलावर एक वर्तमानपत्र अंथरलं. तिनं असले शेकडो लॅपटॉप उघडले असतील, डोळे मिटून उघडेल, पण त्या दिवशी एकेक स्क्रू काढून ती कागदावर ओळीनं मांडत होती. कीबोर्डाखालची चपटी वायर निघेना. ती ओढली आणि तुटली तर पुराव्याशी खेळली असा बोल यायचा. ती थांबली, हात ओढणीला पुसले, परत धरली. एक पंच म्हणाले, “सावकाश, सावकाश.” शेवटी बोर्ड उघडा झाला. पिवळट पट्टीवर बारीक अक्षरात नंबर होता. साहेबांनी भिंग मागवलं आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. मग सुजातानं सांगितलेला, चिपमधला बोर्डाचा नंबर वाचला. पहिली काही अक्षरं सारखीच निघाली. दत्तानं डोळे मिटले. सुजाता टेबलाची कड धरून उभी होती... पुढं मात्र नंबर वेगळे होते.

एवढ्यानं सुटका झाली नाही. दोन नंबर वेगळे आहेत, इतकंच सिद्ध झालं. कंपनीला पत्र गेलं. उत्तर येईपर्यंत दत्तानं रोज ठाण्यात हजेरी द्यायची आणि आम्ही दोघींनी शहर सोडायचं नाही, असं ठरलं. लॅपटॉप ठाण्यातच राहिला.

तरी साहेबांची परवानगी काढून सुजाता एक दिवस मुरगूडला गेलीच. मी बरोबर होते. चौगुल्यांचं घर बाजारपेठेच्या मागं होतं. आम्ही गेलो तर दाराशी चार माणसं बसलेली, आपापल्या लग्नाच्या सीडी मागायला. कुणी तिरकं बोलत होतं, कुणी सरळच. सुजाता दारातच उभी राहिली आणि शेजारच्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “मी कोल्हापूरची लॅपटॉपवाली. दत्तानं काय बी चोरलं न्हाय. त्यांच्या यंत्रात दुसऱ्याचा नंबर माझ्या हातनं गेलाय. ठाण्यात बी मी हेच लिहून दिलंय.” माणसं एकमेकांकडं बघायला लागली. अक्कांनी आम्हाला आत बोलावलं, चहा टाकला. दत्ता कोपऱ्यात बसून होता. “तुमी आता सांगून काय उपेग?” तो म्हणाला. “गावात नाव जायचं ते गेलंच की.” सुजातानं चहाचा कप खाली ठेवून विचारलं, “लग्नाच्या कॅसेटी हायत का तुमच्याकडं?” कॅसेटी होत्या. “मग आमच्या दुकानात येऊन बसा. आमच्या कॉम्प्युटरवर करा काम. रोज हजेरीला कोल्हापूरला यायलाच लागतंय.”

तो येईल असं मला वाटलं नव्हतं. पण दोन दिवसांनी आला, पिशवीभर कॅसेटी घेऊन. ठाण्यात हजेरी द्यायची आणि तिथून दुकानात यायचं, असा त्याचा क्रम सुरू झाला. माझ्याशी कामापुरतं बोलायचा, सुजाताशी अजिबात नाही. ती त्याच्यासमोर चहा ठेवायची, तो प्यायचा, कप परत ठेवायचा. आणि दिवसभर त्या कॉम्प्युटरमधून सनई वाजायची, मंगलाष्टका व्हायच्या, अक्षता पडायच्या, कुणाची तरी मुलगी रडत निरोप घ्यायची. ती लग्नं ऐकत आम्ही ठाण्याच्या फोनची वाट बघत होतो. तेवढ्यात कॉलेजनं देखभालीचं काम काढून घेतलं. काहीजण दुरुस्तीला टाकलेले लॅपटॉप तसेच परत न्यायला आले. एकानं तर दुकानात उभं राहून विचारलं, “ह्याचा नंबर हाय न्हवं जाग्यावर?” सुजातानं लॅपटॉप सुरू करून त्याला नंबर दाखवला आणि तो गेल्यावर मागं जाऊन बसून राहिली.

तिला दम लागायचा. रात्रीची झोप गेली होती, पाय सुजले होते. डॉक्टरांनी झडपेचं ऑपरेशन लांबवू नका म्हणून आधीच सांगितलं होतं. मी विषय काढला की म्हणायची, “उत्तर येऊ दे.” उत्तर उलटं आलं तर? हे आम्ही दोघीही बोलत नव्हतो. दत्ताला लॅपटॉप विकणाऱ्या पुण्याच्या माणसानंच आधी बोर्ड बदललेला असला तर? कंपनीला तो नंबर सापडलाच नाही तर? एकदा ती मधेच म्हणाली, “मला खात्री हाय गं, पण खात्रीवर झोप लागत न्हाय.”

उत्तर आलं त्या दिवशी दत्ता आमच्या दुकानातच होता. फोन मी घेतला. साहेब म्हणाले, “त्या दोघांना घेऊन या.” काय आलंय ते सांगेनात. रिक्षात आम्ही तिघं दाटीवाटीनं बसलो. ठाण्यात साहेबांनी कागद पुढं सरकवला. पट्टीवरच्या नंबराचा बोर्ड ज्या लॅपटॉपमध्ये बसवला होता, तो कॉलेजनं खरेदी केली त्याच्या बराच आधी दुसऱ्या राज्यातल्या एका दुकानदाराकडं गेलेला होता. कॉलेजच्या लॅपटॉपशी त्याचा संबंध नव्हता. कागदाच्या शेवटी त्या लॅपटॉपचा मूळ सिरियल नंबरही कंपनीनं दिला होता. साहेब म्हणाले, “तिसरं दाखवा म्हणालो होतो. दाखवलंत.” मग दत्ताकडं वळून, “जा घरी.” दत्ता खुर्चीवरून उठला आणि लगेच परत बसला. सुजातानं त्याच्यापुढं पाण्याचा ग्लास धरला. तो त्यानं तिच्या हातून घेतला.

लॅपटॉप रीतसर ताब्यात मिळायला आणखी काही दिवस गेले. दत्ता तो घेऊन थेट दुकानात आला आणि टेबलावर ठेवून म्हणाला, “घाला आता नंबर.” कंपनीचा कागद त्यानं हातात धरून एकेक अक्षर वाचलं, सुजातानं लिहिलं. मग तो निघून गेला. मैत्री झाली असं मी म्हणणार नाही. त्यानं आमच्याकडं पुन्हा काही दुरुस्तीला टाकलं नाही. गावात काही लोक अजून त्याला त्यावरून चिडवतात, असं अक्कांनी एकदा सांगितलं. कॉलेजचा लॅपटॉप सापडला की नाही, ते आम्हाला कधीच कळलं नाही. गेलेलं काम परत यायला दोन पावसाळे लागले आणि तोपर्यंत सुजातानं ऑपरेशन पुढं ढकललं. त्या काळजीनं तिचं आयुष्य कमी केलं का? डॉक्टरांना मी विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. सांगता येत नसेल तर नसू दे, पण माझ्या मनातून ते जात नाही.

शिरोळला अंत्यविधीला माणूस मावत नव्हता. बुद्धवंदना झाली, आईंनी स्वतः म्हटली. त्यांचा आवाज कुठंही अडखळला नाही. गर्दीच्या अगदी मागं, चपला हातात घेऊन, दत्ता उभा होता. मी त्याच्याकडं जाईपर्यंत तो निघून गेला होता.

गेल्या आठवड्यात आई दुकानात आल्या. सुजाताची शाल, डबा, औषधांची पेटी न्यायची होती. सगळं पिशवीत भरून झालं तरी त्या उठेनात. तिच्या टेबलासमोर बसून राहिल्या. टेबलावर गडहिंग्लजच्या एका शिक्षिकेचा लॅपटॉप होता. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी सुजातानं त्याची चिप भरून ठेवली होती. नंबर तेवढा राहिला होता. दत्ताच्या प्रकरणानंतर ती नक्कल साठवतानाच तिच्यातला नंबर पुसून टाकायची, त्यामुळं पडद्यावर ती जागा कोरी दिसत होती. शिक्षिकेचे दोन फोन येऊन गेले होते.

“ह्याचं काय अडलंय?” आईंनी विचारलं.

“नंबर घालायचाय. एकीनं वाचायचा असतो, दुसरीनं लिहायचा. एकटीनं करायचं नाही असं आमचं ठरलं होतं.”

“मग दे की हिकडं. मला इंग्लिश अक्षरं येत्यात.”

त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि लॅपटॉपची खालची बाजू दाराच्या उजेडाकडं धरली. स्टिकर पुसट झाला होता, पण होता. त्या एकेक अक्षर बोटाखाली धरून वाचायला लागल्या, अंगणवाडीतल्या पोरांना शिकवल्यासारखं, सावकाश. मी लिहीत गेले. मधेच थांबल्या. “हे झिरो हाय का इंग्लिश ‘ओ’?” मी भिंग दिलं. त्यांनी दोन्ही बाजूंनी तिरकं करून पाहिलं, परत उजेडात नेलं. “झिरो,” त्या म्हणाल्या. “पोट बारीक हाय त्याचं.”

लिहून झालं. लॅपटॉप बंद केला, परत सुरू केला. काळा पडदा नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिल्यासारखा वाटला. मग पांढरी अक्षरं आली आणि कोऱ्या जागी नंबर उमटला. आता उलट करायचं होतं. मी स्टिकरवरून वाचलं, आईंनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. शेवटचं अक्षर झालं.

“बरोबर हाय,” त्या म्हणाल्या.

मी झाकण मिटायला हात पुढं केला, तर त्यांनी तो धरला.

“थांब. परत एकदा बघूया.”

आम्ही पहिल्या अक्षरापासून परत एकदा बघितलं.